लहानग्यांसाठी पारंपरिक गोष्ट निवडताना

बालवाडीत नव्याने रुजू झालेल्या ताई, वाचनालयात मुलांना गोष्ट सांगायला येणारे स्वयंसेवक, परगावी किंवा परदेशात मराठी शाळा चालवणारे पालक, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: कुठली गोष्ट घेऊ? घाईत मग स्वतःच्या आवडीची एखादी गोष्ट उचलली जाते आणि तिला मुलांच्या मापाची करायचा खटाटोप सुरू होतो. राक्षस काढला, सावत्र आई काढली, मरण काढलं, आणि शेवटी हातात उरतं ते बेचव काहीतरी. माझं म्हणणं असं आहे की निवडीला वेळ द्या. गोष्ट नीट निवडली तर तिच्यात फार थोडे बदल करावे लागतात. आणि जी गोष्ट मुळापासून उपटल्याशिवाय लहानांना सांगता येत नाही, ती त्या वयासाठी नाहीच असं समजून बाजूला ठेवावी.

जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनाही हे काम करावं लागलं होतं. त्यांच्या संग्रहाचा पहिला भाग 1812 साली निघाला तेव्हा तो बराचसा अभ्यासकांसाठीच होता. टिपा भरपूर, आणि खेळता खेळता एक मूल दुसऱ्याचा जीव घेतं अशी अंगावर येणारी गोष्टही त्यात होती. 1819 च्या आवृत्तीतून ती गेली. पुढे 1825 साली त्यांनी मुलांच्या हाती देण्याजोगी छोटी आवृत्ती काढली, तीत निवडक 50 गोष्टी होत्या. संपूर्ण संग्रह वाढत वाढत अखेरीस दोनशेच्या वर गेला, म्हणजे बऱ्याचशा गोष्टी या छोट्या पुस्तकाबाहेरच राहिल्या. आपल्यालाही आधी हीच चाळणी लावायची आहे.

1. ऐकणारं कोण आहे ते ठरवा

तीन-साडेतीन वर्षांचं मूल आणि सहा वर्षांचं मूल यांची गोष्ट ऐकण्याची रीत पार वेगळी असते. लहान गटाला पाच-सात मिनिटं पुरतात, मोठा गट दहा-बारा मिनिटं सहज बसतो. गट मिश्र असेल तर लहानांच्या मापाने चला. लहानांच्या गोष्टीत मोठी मुलं आनंदाने रमतात, उलट मात्र होत नाही. गोष्ट नुसती तोंडी सांगणार, बाहुल्यांवर करणार की मुलांकडूनच करवून घेणार, हेही आत्ताच ठरवा. वर्गातल्या प्रत्येकाला काहीतरी व्हायला मिळावं असं वाटत असेल तर पात्रं वाढवता येतील अशीच गोष्ट लागेल.

2. घरातून सुरुवात करा

पुस्तकांच्या दुकानात जाण्याआधी आजीला, मावशीला, शेजारच्या काकूंना विचारा, "लहानपणी कुठली गोष्ट ऐकली होती?" बहुतेकांना आधी गोष्ट आठवत नाही, तिच्यातली एखादी ओळ आठवते. "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक." "थांब, माझ्या बाळाला तीट लावते." "राजा भिकारी, माझी टोपी घेतली." तीस-चाळीस वर्षांनंतरही जी ओळ तोंडात राहिली आहे, ती मुलांच्या तोंडी रुळायला फार वेळ लागत नाही. ही निवडीची सर्वांत भरवशाची खूण आहे. कोणी सांगत असेल तर फोनवर रेकॉर्ड करून घ्या आणि नंतर जसंच्या तसं उतरवा. त्यांची वाक्यं सुधारू नका. "मग काय झालं, म्हातारी निघाली की हो!" यातला "की हो" तुम्हाला पुढे फार उपयोगी पडणार आहे.

सहा-सात गोष्टींची यादी करा. त्यात एखादी पंचतंत्रातली, एखादी बाहेरच्या देशातली आणि श्रावणातल्या कहाण्यांपैकी एक असू द्या. उदाहरणादाखल मी पुढे याच धर्तीवर बोलते: म्हातारी आणि भोपळा, काऊ-चिऊ, उंदराची टोपी, माकड आणि मगर, लाल टोपीवाली मुलगी, खुलभर दुधाची कहाणी.

3. सांगाडा तपासा

प्रत्येक गोष्ट तीन-चार वाक्यांत सांगून पाहा. म्हातारी लेकीकडे निघते. वाटेत कोल्हा, लांडगा, वाघ भेटतात, प्रत्येकजण खाईन म्हणतो. "लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन, मग मला खा," असं सांगून ती निसटते. परतताना भोपळ्यात बसून येते. झाली गोष्ट. इथे रस्ता एकच आहे, जायचा आणि यायचा. एकच प्रसंग तीनदा घडतो आणि परतताना तोच तीनदा उलटा घडतो. दुसऱ्या जनावरापाशी मुलांना पुढचं कळू लागतं, तिसऱ्यापाशी ती तुमच्या आधी बोलतात. आता काय होणार हे आपल्याला कळलं, याचा त्या वयातला आनंद फार मोठा असतो. नव्या ताईंना वाटतं की पुनरुक्तीचा मुलांना कंटाळा येईल, म्हणून त्या दुसरं जनावर दोन वाक्यांत उरकतात. तसं अजिबात करू नका. पालुपद प्रत्येक वेळी पूर्ण म्हणायचं, शब्दही न बदलता.

उंदराच्या टोपीचा सांगाडा थोडा वेगळा. चिंधी सापडते, धोबी ती धुतो, शिंपी टोपी शिवतो, कोणीतरी गोंडे लावतं, मग राजाच्या वाड्यासमोर ढोलकं बडवत मिरवणूक. इथे एका वस्तूचं हळूहळू काहीतरी होत जातं. ही गोष्ट हातात खरं फडकं घेऊन सांगता येते, ही तिची मोठी सोय. शिवाय एवढासा उंदीर राजाला भर रस्त्यात "भिकारी" म्हणतो, आणि टोपी परत मिळाल्यावर "राजा मला भ्याला" म्हणतो. दिवसभर मोठ्यांचं ऐकत राहणाऱ्या मुलांना यात केवढी मजा वाटते, ते "ढुम ढुम ढुमाक" म्हणतानाच्या त्यांच्या आवाजावरून कळतं.

सांगाडा तपासताना ज्या गोष्टीला "त्याआधी असं झालं होतं" म्हणून मागे जावं लागतं, जिच्यात एकाच वेळी दोन ठिकाणी काही घडतं, किंवा जिच्यात कोणाचं कोणाशी काय नातं हे समजावत बसावं लागतं, ती यादीच्या खाली सरकवा.

4. युक्ती डोळ्यांना दिसते का?

हा निकष मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. बऱ्याच लोककथा युक्तीवर चालतात. पण युक्ती युक्तीत फरक असतो.

माकड आणि मगरीची गोष्ट घ्या. मगरीच्या बायकोला माकडाचं काळीज हवंय, मगर त्याला पाठीवर घेऊन नदीच्या मध्यावर जातो आणि खरं काय ते सांगतो. माकड म्हणतं, "अरे, काळीज तर मी झाडावरच ठेवून आलो!" आपण हसतो, कारण काळीज काढून ठेवता येत नाही हे आपल्याला माहीत आहे. चार वर्षांच्या मुलाला ते माहीत असेलच असं नाही. ते गंभीरपणे विचारतं, "मग ते त्याने परत घातलं का?" त्याच्या लेखी माकड खरंच बोलतंय, मग मगर मूर्ख कसा ठरला? गोष्टीचा कणाच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यात दोस्ताने केलेला दगा, बायकोचा हट्ट, या सगळ्या मोठ्यांच्या गोष्टी. पंचतंत्राची चौकटच मुळी राजपुत्रांना व्यवहार आणि राजनीती शिकवण्याची आहे, विष्णुशर्म्यासमोर बालवाडी नव्हती. ही गोष्ट सहा-सातच्या पुढे सांगा, तेव्हा ती झकास रंगते.

आता भोपळा पाहा. वाघ विचारतो, "भोपळ्या, म्हातारी पाहिलीस का?" आतून उत्तर येतं, "म्हातारी-बितारी मला ठाऊक नाही." म्हातारी आत आहे हे वाघाला माहीत नाही आणि ऐकणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. वाघापेक्षा आपल्याला जास्त कळतं या कल्पनेनेच मुलं उड्या मारतात. इथे लपणं दिसतं, भोपळा दिसतो, फसणारा दिसतो. समजावून सांगायला काही उरत नाही. तीन ते पाच वर्षांसाठी अशी लपाछपीची युक्ती निवडा, शब्दांतल्या चलाखीची नको.

5. भीती: किती आणि कुठपर्यंत

"वाघ खाईन म्हणतो, मुलं घाबरणार नाहीत का?" हा पालकांचा हमखास प्रश्न. घाबरतात की, थोडी. आणि त्यांना ते हवं असतं, फक्त गोष्ट संपायच्या आत त्या भीतीचा निकाल लागला पाहिजे. भीती असलेली प्रत्येक गोष्ट गाळली तर मुलांच्या वाट्याला नुसते बागेतले फुलपाखरू-ससे येतील आणि ती दुसऱ्या मिनिटाला चुळबूळ करू लागतील. म्हणून भीती आहे की नाही हे न बघता तिची जात बघा. वाघ खाईल, अंधार आहे, वाट चुकली: ही बाहेरची भीती, ती पळवून लावता येते. आईबापच सोडून देतात, घरातलं माणूसच मारायला उठतं: ही आतली भीती, ती गोष्ट संपली तरी रात्री अंथरुणात सोबत येते.

हान्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीत नेमकं हेच आहे. खायला नाही म्हणून मुलांना जंगलात सोडून येतात. ग्रिमांच्या पहिल्या आवृत्तीत ही सूचना मुलांची सख्खी आई करते, नंतरच्या आवृत्त्यांत ती सावत्र झाली. हिमगौरीच्या गोष्टीतही पहिल्यांदा सख्खी आईच होती, 1819 पासून सावत्र आली. ग्रिमांना ते सोयीचं वाटलं असेल, पण आज तुमच्या वर्गात सावत्र आई असलेलं आणि तिच्यावर जीव असलेलं मूल असू शकतं. चेटकिणीचं साखरेचं घर कितीही मोहात पाडत असलं तरी पाच वर्षांच्या आतल्या गटाला मी ही गोष्ट घेणार नाही.

लाल टोपीवालीचं प्रकरण वेगळं. फ्रान्समध्ये शार्ल पेरोने 1697 साली ती छापली तेव्हा लांडगा आजीलाही खातो आणि मुलीलाही, आणि गोष्ट तिथेच संपते. शेवटी तात्पर्याच्या ओळी आहेत, त्या सरळसरळ तरुण मुलींना उद्देशून. शंभराहून अधिक वर्षांनी ग्रिमांकडे शिकारी येतो, पोट कापून दोघींना जिवंत बाहेर काढतो, लांडग्याच्या पोटात दगड भरले जातात. म्हणजे लहानांना चालेल असं रूप परंपरेतच तयार आहे, ते घ्या. पोट कापण्यापाशी मोठी माणसं अडखळतात. मुलं मात्र आजी आणि नात बाहेर आल्या यातच खूश असतात. तुम्हालाच ते जड जात असेल तर ही गोष्ट सोडा. आजीला कपाटात लपवून सगळं गोड करू नका, कारण मग लांडग्याला आजीच्या पलंगावर कशासाठी झोपवलं तेच कळेनासं होतं.

आपल्याकडच्या काऊ-चिऊतही एक काटा आहे. पावसात काऊचं शेणाचं घर वाहून जातं, तो चिऊकडे येतो, आणि चिऊ "थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते," "थांब, माझ्या बाळाला काजळ घालते" करत त्याला बाहेरच ठेवते. काही घरांत शेवट असा सांगतात की काऊ आत आल्यावर तव्यावर बसतो आणि चटका बसतो. काही घरांत तो रात्री चिऊचे चणे कुटुम कुटुम खाऊन टाकतो. काही घरांत तो उबेला बसतो आणि निजतो. आंघोळ, पावडर, झबलं, पाळणा हा मधला भाग मुलांच्या रोजच्या दिवसातला असल्याने अडीच-तीन वर्षांच्या मुलांसाठी याहून चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही. शेवट मी चण्यांचा किंवा उबेचा घेईन. गारठून आलेल्याला चटका द्यायचा आणि त्यावर मुलांना हसवायचं, हे माझ्याने होणार नाही.

6. एकाच गोष्टीची निदान तीन रूपं गोळा करा

यादी दोन-तीन गोष्टींवर आली की प्रत्येकीची वेगवेगळी रूपं शोधा. एक तोंडी, एक जुन्या पुस्तकातलं, एक दुसऱ्या भाषेतलं. भोपळ्याचीच गोष्ट बंगालीत आहे, तिथे म्हातारी कुबडी आहे, ती लाऊच्या, म्हणजे दुध्याच्या, कवचात बसून येते आणि अखेरीस तिचे कुत्रे मदतीला धावतात. इराणमध्येही म्हातारी लेकीकडे जाते आणि गडगडत्या भोपळ्यातून परतते. तीनही रूपं शेजारी ठेवली की काय बदलतं आणि काय बदलत नाही ते लख्ख दिसतं. जनावरं बदलतात, फळ बदलतं, शेवट बदलतो. लेकीकडे जाणं, "लठ्ठ होऊन येते" हा वायदा आणि गडगडत परतणं मात्र तिन्हीकडे आहे. हीच गोष्टीची हाडं, त्यांना हात लावायचा नाही. बाकीचं तुमच्या गावाप्रमाणे, तुमच्या मुलांप्रमाणे बदलायला मोकळीक आहे. कोकणात तूप-रोटीच्या जागी तूप-भात आला तर काही बिघडत नाही.

लोककथा कोणाच्या मालकीची नसते, पण एखाद्या लेखकाने ती ज्या शब्दांत लिहिली ते शब्द त्याचे असतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हा हक्क राहतो. अनुवादाचा आणि चित्रांचा हक्क निराळा. वर्गात तोंडी सांगण्याला कोणी हरकत घेत नाही, पण पुस्तिका छापायची, व्हिडिओ टाकायचा किंवा तिकीट लावून प्रयोग करायचा असेल तर गोष्ट स्वतःच्या शब्दांत नव्याने लिहा. तीन-चार रूपं वाचून, पुस्तकं मिटून लिहिलं की हे आपोआप साधतं.

7. मग बदलाकडे वळा

आधी भाषा. वाक्यं छोटी करा पण खमंग शब्द काढू नका. "गाभारा", "खुलभर", "गोंडा" हे शब्द मुलांना ठाऊक नसतील, तरी गोष्टीत ऐकून ती ते उचलतात. आधी व्याख्या सांगत बसलात तर गोष्ट तिथेच थांबते. सांगताना हाताने खुलभर माप दाखवा, पुरे झालं.

मग माणसांचं दिसणं. कुबडी, काळी, बुटका, टकल्या ही वर्णनं केवळ हशासाठी असतील तर काढा, गोष्टीचं काही अडत नाही. गोरी तीच चांगली, हे तर नक्कीच काढा. उंदराच्या टोपीत काही घरांत उंदीर धोब्याला धमकावतो, "चार शिपाई आणीन, तुला मार देईन आणि मी मजा बघीन." एवढ्याशा उंदराच्या तोंडी हे गमतीचं वाटतं हे खरं. पण पालुपद म्हणून सगळा वर्ग ते एका सुरात म्हणू लागला की ऐकवत नाही. तिथे उंदराला गयावया करू द्या, हट्ट करू द्या, पाय आपटू द्या. राजाला चिडवणं मात्र ठेवा, तीच तर गोष्ट आहे.

बदल करताना गाठ कुठे आहे हे विसरू नये, यासाठी खुलभर दुधाची कहाणी पाहा. आटपाट नगरातला राजा महादेवाचा गाभारा दुधाने भरायला निघतो. हुकूम सुटतो, घराघरातलं सगळं दूध देवळात जातं, वासरं आणि लेकरं उपाशी राहतात, गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी आधी घरच्यांना, वासरांना पाजते आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन येते, तेवढ्याने गाभारा भरतो. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी ही फार सुंदर निवड आहे. व्रताचा भाग, उतणार-मातणार नाहीचं बोलणं, हे वगळता येईल. देवळापाशी शिपाई ठेवून राजाने तपास करणं थोडक्यात आटपता येईल. पण उपाशी वासरू गाळलं तर काहीच उरत नाही, म्हणून तिथे थांबा. वासरू हंबरतंय, बाळ रडतंय, भांडी रिकामी आहेत, हे सगळं दाखवा. "आटपाट नगर होतं" ही सुरुवात आणि "साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" हा शेवट जसाच्या तसा ठेवा. अर्थ कळो न कळो, गोष्ट सुरू झाली आणि गोष्ट संपली हे त्या नादावरून मुलांना कळतं.

तात्पर्य सांगू नका. "मग यातून आपण काय शिकलो?" असं विचारलं की मुलं तुम्हाला हवं ते उत्तर देतात आणि गोष्ट संपते. त्याऐवजी "वाघ आता काय करत असेल?" असं विचारून बघा.

8. आधी सांगा, मग लिहा

कागदावर पक्कं करण्याआधी गोष्ट वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा सांगा. मुलं कुठे पुढे सरकतात, कुठे बूट काढघाल करतात, कुठे "परत म्हण" म्हणतात, ते त्याच दिवशी टिपून ठेवा. चुळबूळ बहुतेक वेळा वर्णनापाशी सुरू होते, तिथलं एखादं वाक्य कमी करा. कुणी कान झाकले किंवा तुमच्या मांडीकडे सरकलं तर आवाज उतरवा, हवं तर पुढचं आधीच सांगून टाका: "पण म्हातारी सुखरूप घरी पोचते हं." लहानांच्या गोष्टीत शेवट आधी कळल्याने रस जात नाही. घर, मृत्यू, ताटातूट यांचा ताजा घाव असलेलं मूल गटात असेल तर त्या आठवड्यापुरती गोष्टच बदला.

अगदी पहिल्यांदाच करत असाल तर भोपळ्यापासून सुरुवात करा. बुट्टी, चादर किंवा मोठा खोका असला की भोपळा तयार, आणि वाघ कितीही वाढवता येतात. अडीच-तीनच्या गटाला काऊ-चिऊ द्या. पालुपद सांभाळण्याची सवय झाली की टोपी घ्या आणि खरोखरचं ढोलकं आणा. खुलभर दूध श्रावणातल्या सोमवारी सांगा, तेव्हा घरीही त्याचं बोलणं होतं. लाल टोपीवाली मोठ्या गटासाठी, तीही वर्षाच्या उत्तरार्धात, मुलं तुमच्या आवाजाला सरावल्यावर.